गिरगाव ते दादर, ध्रुवाच्या वाटेनं

१ ऑगस्टला गिरगाव चौपाटीवर टिळकांच्या पुतळ्याला सकाळपासून हार चढत असतात. शाळेची मुलं दप्तरावर प्लास्टिक ओढून रांगेत उभी राहतात, कुणी भाषण करतं, कुणी घोषणा देतं, आणि वरून पाऊस. १९२० साली याच तारखेला, अशाच पावसात, इथल्या वाळूवर लोकमान्यांना अग्नी दिला गेला. भाषणांत स्वराज्य येतं, केसरी येतो, मंडाले येतं, गीतारहस्य येतं. एका पुस्तकाचं नाव मात्र सहसा कुणाच्या तोंडी येत नाही, आणि मी त्या पुस्तकासाठीच तिथं गेले होते.

‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हे ते पुस्तक. १९०३ साली प्रसिद्ध झालेलं. वेद रचणाऱ्या ऋषींचे पूर्वज फार पूर्वी उत्तर ध्रुवाच्या परिसरात राहत होते, असं टिळकांनी त्यात मांडलं. तेव्हा तिथली हवा सुखद होती, इ.स.पू. १०,००० ते ८,००० या काळात हिमयुगानं ते घर उद्ध्वस्त केलं. मग ती माणसं दक्षिणेकडे सरकत मध्य आशिया, इराण आणि भारतात उतरली, असा त्यांचा हिशेब. ध्रुवावर नेमकं कुठं, याचा निकाल त्यांनी दिला नाही, पण स्कँडिनेव्हियापेक्षा सैबेरियाच्या उत्तरेकडे त्यांचा कल होता. ही दिशा वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिची गरज पडणार आहे.

माझं या पुस्तकाशी नातं उलट्या बाजूनं जुळलं. उत्तर ध्रुवाजवळच्या प्राचीन माणसांबद्दल मी बरीच वर्षं मिळेल ते वाचत आले आहे: त्यांच्या हाडाच्या सुया, चरबीचे दिवे, बर्फावरून धावणारे कुत्रे. जिथं झाड उगवत नाही आणि हिवाळ्यात सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही, तिथं माणूस पोराबाळांसह कसा राहिला असेल, हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. त्याच प्रदेशाकडे सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी माणसानं वेगळ्या अंगानं पाहिलं होतं, हे कळलं तेव्हा त्याच्या मागावर जावंसं वाटलं. आणि या पुस्तकाच्या कितीतरी खुणा आपल्या मुंबईतच आहेत. गिरगाव, क्रॉफर्ड मार्केट, डोंगरी, भायखळा, परळ. म्हणून चौपाटीकडे पाठ करून उत्तरेला निघाले.

खाडिलकर रोडवर केशवजी नाईक चाळ आहे. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली इथं बसला आणि १९०१ मध्ये टिळक स्वतः इथं येऊन गेले. गॅलरीत वाळणाऱ्या कपड्यांच्या आडोशाला एक काका पेपर वाचत बसले होते. मी कशासाठी फिरते आहे ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. “टिळकांनी उत्तर ध्रुवावर पुस्तक लिहिलं? आम्हाला शाळेत शेंगांची टरफलं तेवढी शिकवली हो,” ते म्हणाले, आणि मग शेजारच्या खुर्चीवरची घडी केलेली चादर उचलून मला बसायला जागा केली. “सांगा बरं, काय लिहिलंय त्यात?”

तिथं बसून त्यांना जे सांगितलं ते असं. ऋग्वेदात उषेची सूक्तं आहेत. आपल्याकडे पहाट किती वेळ टिकते? झुंजूमुंजू झालं म्हणेपर्यंत उजाडतं. पण त्या सूक्तांतली उषा लांबते. पहिला उजेड आणि सूर्योदय यांच्यामध्ये कितीतरी दिवस गेल्यासारखं ऋषी बोलतात. तैत्तिरीय संहितेत तर तीस उषा येतात, बहिणी-बहिणींसारख्या, एकीपाठोपाठ एक. टिळकांनी विचारलं, अशी पहाट पृथ्वीवर कुठं होते? ध्रुवावर होते. तिथं सूर्य उगवण्याआधी कित्येक आठवडे क्षितिजावर उजेडाची कड गोल फिरत राहते. मग एकातून एक पुरावे निघत गेले. देवांचा दिवस सहा महिन्यांचा आणि रात्र सहा महिन्यांची, ही आपल्याकडची जुनी समजूत. नऊ किंवा दहा महिन्यांत यज्ञ आटोपणारे नवग्व आणि दशग्व. दहा महिन्यांत संपवता येणारं गवामयन सत्र: उरलेले दोन महिने काय अंधाराचे होते? नावातच ‘दीर्घ अंधार’ असलेला दीर्घतमस् ऋषी. पारशांच्या अवेस्तात दहा महिने हिवाळा असलेली आर्यांची पहिली भूमी, आणि यिमानं थंडीपासून माणसं-जनावरं वाचवायला बांधलेला तो बंदिस्त वाडा, जिथल्या लोकांना एक वर्ष एका दिवसासारखं वाटे.

काकांनी मध्येच थांबवलं. “म्हणजे वकिली केली म्हणा ना. एकेक साक्षीदार उभा केला.”

अगदी तसंच आहे. कायद्याची पदवी, गणिताचा हात आणि संस्कृत तोंडपाठ, हे तीन गुण एका माणसात एकत्र आले म्हणजे काय होतं ते या पुस्तकाच्या पानापानावर दिसतं. दशकभर आधी, १८९३ मध्ये, ‘ओरायन’ या पुस्तकात त्यांनी मृगशीर्षातल्या वसंतसंपातावरून वेदांचा काळ काढला होता. आर्क्टिकचं पुस्तक ही त्याचीच पुढची पायरी. मी दोन्ही पुस्तकांच्या प्रेमात आहे, आणि त्यांचे निष्कर्ष मला मान्य नाहीत. या दोन गोष्टी एकाच मनात सुखानं नांदतात.

धोबीतलावाला सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या फाटकापाशी मी मुद्दाम थांबले, कारण या पुस्तकाच्या गोष्टीतलं मला सगळ्यात आवडणारं वळण इथं आहे. हसमुख धीरजलाल सांकलिया हे मुंबईत १९०८ साली जन्मलेले. पंधराएक वर्षांचे असताना त्यांच्या हातात टिळकांच्या या पुस्तकाचा गुजराती अनुवाद पडला. त्यातलं फारसं कळलं नाही. पण भारतातल्या आर्यांचा शोध आपण घ्यायचा असं त्या मुलानं ठरवलं, आणि टिळकांना संस्कृत आणि गणित येत होतं म्हणून आपणही तेच शिकायचं, हेही ठरवलं. पुढे इथं फादर हेरास यांच्या हाताखाली इतिहास, मग लंडनला पीएचडी, आणि १९३९ पासून पुण्याचं डेक्कन कॉलेज. टिळक शिकले तेच कॉलेज. तिथून सांकलियांनी नाशिक-जोर्वे, नेवासे, इनामगाव अशी महाराष्ट्राची जमीन उकरत नेली आणि भारतीय प्रागितिहासाला पायावर उभं केलं. ज्या पुस्तकात कुदळीचा एक घाव नाही, त्या पुस्तकानं आपल्याला आपला सगळ्यात मोठा खणणारा माणूस दिला. माझ्या लेखी हे टिळकांच्या सिद्धान्ताचं सगळ्यात मोठं फळ आहे.

क्रॉफर्ड मार्केटसमोर सरदारगृह उभं आहे. टिळक मुंबईत आले की इथं उतरत, आणि इथंच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. खाली दुकानं, हातगाड्या, छत्र्यांची गर्दी. मी वर पाहिलं, आणि पुढे चालू लागले, कारण मला १९२० पेक्षा १८९७ मध्ये जास्त रस होता. त्या वर्षी केसरीतल्या लिखाणासाठी टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. जामीन दिला बद्रुद्दीन तय्यबजींनी. शिक्षा सुनावली न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी, दीड वर्षाची सक्तमजुरी. हायकोर्टातून त्यांना डोंगरीच्या तुरुंगात नेलं, मग भायखळ्याला, मग येरवड्याला.

डोंगरीच्या त्या जुन्या भिंतींच्या आत आता मुलांसाठीची संस्था आहे. बाहेरच्या रस्त्यावर टेम्पो, सुक्या मेव्याची पोती, नमाजाला निघालेली माणसं. भिंतीला खेटून उभी राहिले आणि मनाशी जुळवत राहिले: ‘आर्क्टिक होम’ची मांडणी तुरुंगाच्या काळात आकाराला आली. ऑक्सफर्डच्या मॅक्स म्युलर यांनी आपल्या ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती तुरुंगात पाठवली, सरकारनं पुस्तकं वापरू दिली आणि रात्री काही तास दिवा जाळायची मुभा दिली. सुटकेच्या अर्जावर म्युलर यांच्यासोबत दादाभाई नौरोजींचीही सही होती. टिळक सप्टेंबर १८९८ मध्ये सुटले. पुस्तक छापून होईपर्यंत म्युलर हयात नव्हते, आणि टिळकांनी ती हळहळ प्रस्तावनेत बोलून दाखवली आहे. कोठडीतल्या मोजक्या उजेडात बसून एक माणूस सहा महिन्यांच्या रात्रीचा विचार करत होता, हे डोक्यातून जाईना.

त्यांच्याजवळ साधनं काय होती? वेद, अवेस्ता, भूगर्भशास्त्राची तेव्हाची पुस्तकं, आणि बोस्टनच्या विल्यम वॉरेन यांचं १८८५ सालचं ‘पॅरडाइज फाउंड’, ज्यात सगळ्या मानवजातीचं मूळ ध्रुवावर मानलं होतं. जमिनीतला पुरावा जवळजवळ शून्य. ध्रुवप्रदेशातल्या प्राचीन वस्त्यांचं पद्धतशीर उत्खनन पुढच्या पिढीनं सुरू केलं. कनुड रासमुसेन यांची पाचवी थुले मोहीम १९२१ ते १९२४ ची. कॅनडात डायमंड जेनेस यांनी डॉर्सेट संस्कृती ओळखली ती १९२५ मध्ये. टिळकांना दोष देताना लोक हे विसरतात.

डोंगरीहून पूर्वेला उतरलं की पी. डिमेलो रोड आणि त्यापलीकडे बंदराची लांबच लांब भिंत. आत कुठंतरी प्रिन्सेस डॉक होता, १८८० च्या सुरुवातीला खुला झालेला. तो खणताना मजुरांना चिखलाच्या थराखाली झाडं सापडली. एक-दोन नव्हे, तीनशेहून अधिक. बरीचशी मुळांवर तशीच उभी, बाकीची आडवी. खैराची झाडं. विड्यातल्या काताचा, होमातल्या समिधांचा आपला खैर, भरतीच्या रेषेच्या कितीतरी खाली उभा होता. म्हणजे माझगावच्या या काठावर एकदा कोरडं रान होतं, आणि समुद्र आजच्यापेक्षा दूर होता. तेव्हाच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी जमीन खचल्याचा अंदाज बांधला.

जमीन इथली खचली असेल. पण जगभरचा समुद्रही वर आला आहे. साधारण २१,००० वर्षांपूर्वी हिमयुग भर जोरात असताना पृथ्वीचं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. कोकणचा किनारा तेव्हा पश्चिमेला फार दूर होता. आणि सैबेरियाच्या उत्तरेला, आज जिथं उथळ गोठलेला समुद्र आहे, तिथं शेकडो किलोमीटर रुंद गवताळ मैदान होतं, अलास्कापर्यंत जोडलेलं, मॅमथ आणि रानगेंड्यांनी भरलेलं. बर्फ वितळलं, पाणी चढलं, आणि ते मैदान बुडालं. डॉकच्या भिंतीशी उभं राहून मला नेहमी हेच वाटतं: त्या बर्फाचं पाणी या किनाऱ्यालाही चढलं आहे.

त्या बुडालेल्या मैदानाचे काही उंचवटे आज बेटं म्हणून उरलेत. त्यातलं एक झोखोव, ७६ अंश उत्तरेला. तिथं व्लादिमिर पितुल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची वस्ती खणून काढली. कायम गोठलेल्या जमिनीत लाकूड, हाड, शिंग सगळं टिकून होतं. झोखोवची माणसं रेनडिअर मारत, आणि पांढरी अस्वलंही. ध्रुवीय अस्वलाची शिकार इतक्या मोठ्या प्रमाणावर केल्याचा पुरावा जगात दुसरीकडे दुर्मीळ आहे. त्यांच्याजवळ कुत्रे होते आणि घसरगाड्या होत्या. २०२० साली तिथल्या एका ९,५०० वर्षांपूर्वीच्या कुत्र्याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा दिसलं, की आजच्या ग्रीनलंडच्या गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांशी त्याचं थेट नातं आहे. झोखोववर ज्वालाकाचेची पातीही मिळाली. त्या काचेचा दगड चुकोत्कातल्या एका सरोवराकाठचा, दीडएक हजार किलोमीटरवरचा. एवढ्या अंतरावरून वस्तू हातोहात येत होत्या, म्हणजे माणसं माणसांना भेटत होती, बोलत होती, लग्नं जुळवत असतील.

आता टिळकांचा हिशेब आठवावा. आर्य ध्रुव सोडून वाटेला लागले तो काळ त्यांनी इ.स.पू. ८,००० ते ५,००० असा धरला. जागा, सैबेरियाच्या उत्तरेला. त्या जागी, त्या काळात, माणसं खरोखरच होती! टिळकांनी बोट ठेवलं तिथं घरं होती, चुली होत्या. पहिल्यांदा हे जुळलं तेव्हा मी हातातला लेख बाजूला ठेवून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या.

पण ती माणसं ऋग्वेदातली नव्हती. ऋग्वेदाच्या जगात गाय आहे, घोडा आहे, आऱ्यांच्या चाकाचा रथ आहे. झोखोववर यांतलं काहीच नाही. तसा रथ दक्षिण उरलजवळ सिंताश्ता इथं इ.स.पू. २,००० च्या आसपास दिसतो, झोखोवनंतर पाच हजार वर्षांनी. आणि हिमयुगाचा क्रमही टिळकांनी मांडला त्याच्या उलट निघाला. इ.स.पू. ८,००० च्या सुमाराला तिथं थंडी वाढत नव्हती, बर्फ मागे हटत होतं. हिमयुग ११,७०० वर्षांपूर्वीच संपलं होतं. टिळकांच्या हातात तेव्हाच्या भूगर्भशास्त्राचे आकडे होते, आणि ते आकडेच कच्चे होते.

भायखळ्यावरून बस पकडली. तिथल्या तुरुंगापाशी रेंगाळले नाही. लालबागला उतरले तेव्हा पाऊस उघडला होता आणि गल्लीत मिरच्या भाजल्याचा खाट घशात उतरत होता. मसाल्याच्या दुकानांपुढे बायका धणे, दगडफूल, खसखस निवडून घेत होत्या. गणपतीच्या मांडवांचे बांबू उभे राहत होते.

या भागाचं टिळकांवर एक मोठं देणं आहे. २२ जुलै १९०८ ला हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांनी त्यांना सहा वर्षं काळं पाणी सुनावलं. दुसऱ्या दिवसापासून परळ, लालबाग, भायखळ्याच्या गिरण्यांतले कामगार बाहेर पडले, आणि सहा वर्षांसाठी सहा दिवस गिरण्या बंद राहिल्या. गोळीबार झाला, माणसं मेली. यांतल्या कितीजणांनी ‘आर्क्टिक होम’ पाहिलं असेल? एकानंही नसेल. पण रात्रपाळी म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. गिरण्यांत विजेचे दिवे आल्यावर कामगारांच्या दिवसाला संध्याकाळ उरली नव्हती.

परळच्या एका जुन्या चाळीत माझी एक मावशी राहते, नात्यातली नव्हे, आईची मैत्रीण. तिचे सासरे गिरणीत होते आणि ती स्वतः चाळीस वर्षं घरी शिवणकाम करते. तिच्याकडे चहाला थांबले. मी ध्रुवाकडच्या लोकांबद्दल बोलायला लागले की ती एकच विचारते: “घालत काय होते ग ते?” इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रश्न फार उशिरा येतो, आणि खरं तर तो पहिला असायला हवा. तिला यानाची गोष्ट सांगितली. सैबेरियात याना नदीकाठी, ७१ अंश उत्तरेला, ३२,००० वर्षांपूर्वीची वस्ती सापडली आहे. तिथं मॅमथच्या दातांचे दागिने मिळाले, रानगेंड्याच्या शिंगाचा भाल्याचा दांडा मिळाला, आणि नेढं असलेल्या हाडाच्या सुया मिळाल्या. त्या थंडीत अंगाबरोबर शिवलेले कपडे नसतील तर माणूस जगत नाही. भाला चुकला तर एक दिवस उपास पडेल. शिवण उसवली तर बोटं जातील.

“टाका कसला घालत?” मावशीनं विचारलं. पुढच्या काळातल्या, थुले आणि इन्युइट बायकांचा टाका मला ठाऊक होता. कातड्याच्या जाडीच्या निम्म्यापर्यंतच सुई न्यायची, आरपार काढायची नाही, म्हणजे भोकातून पाणी आत येत नाही. दोरा जनावराच्या स्नायूचा. ओला झाला की फुगतो आणि भोक बुजवतो. मावशीनं हातातला ब्लाउज उलटा करून शिवण पाहिली. “आरपार न काढता घट्ट बसवायचं म्हणजे हात पाहिजे,” ती म्हणाली. “ही बाई माझ्याहून हुशार.”

थुलेंची गोष्ट मला तिला आणखी सांगायची होती: व्हेलच्या बरगड्यांची छपरं, कातड्याच्या मोठ्या होड्या, अलास्काहून ग्रीनलंडपर्यंत काही पिढ्यांत पसरलेली माणसं. त्यांच्या आधी त्याच किनाऱ्यांवर राहून गेलेले डॉर्सेट लोक, ज्यांच्याजवळ गाडी ओढणारे कुत्रे नव्हते, पण हस्तिदंतात कोरलेली बोटभर अस्वलं होती. ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीत सापडलेला चार हजार वर्षांपूर्वीचा केसांचा एक पुंजका, ज्यावरून २०१० साली त्या माणसाचा जवळजवळ पूर्ण जनुकसंच वाचला गेला. पण तिला गिऱ्हाईक आलं, आणि मी निघाले.

परळहून दादरला चालत गेले. टिळक पुलाखालून फुलांची पोती जात होती. पुलाचं नाव कुणाच्या नावावरून, हे तिथं कुणाला विचारावं लागत नाही. नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले. १८९८ साली, टिळक तुरुंगातून सुटले त्याच वर्षी स्थापन झालेली ही संस्था. संदर्भ विभागात स्पर्धापरीक्षांची मुलं डोकं खाली घालून बसली होती. माझ्या समोरच्या टेबलाशी पुरातत्त्व शिकणारी एक मुलगी होती. माझ्यापुढचं पुस्तक पाहून तिनं हळूच विचारलं, “ताई, हे अजून कुणी वाचतं?”

बोलायला बाहेर जिन्यात आलो. ती मुंबईच्या प्रागितिहासावर काम करत होती. १९३० च्या दशकात ब्रिटिश नौदलातले अधिकारी के. आर. यू. टॉड यांनी कांदिवलीला आणि साष्टीच्या किनाऱ्यावर दगडी हत्यारं गोळा केली होती. त्यात नखाएवढी सूक्ष्मास्त्रं होती. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ओळीनं बसवून धार करायची. मी तिला म्हटलं, झोखोववरही हेच. तिथंही हाडाच्या दांड्यात दगडाची बारीक पाती बसवलेली आहेत. एक माणूस पांढऱ्या अस्वलामागे, दुसरा मढ-मार्व्याच्या किनाऱ्यावर. एकाला दुसऱ्याची गंधवार्ता नाही, आणि हाताला सुचलं ते सारखंच. तिचे डोळे चमकले. “म्हणजे आमचं कांदिवलीसुद्धा त्याच पुस्तकात बसतं,” ती म्हणाली.

मग तिनं खरा प्रश्न विचारला. यानाची माणसं पुढे गेली कुठं? टिळक पूर्ण चुकले असं म्हणायचं का?

यानाच्या वस्तीत दोन मुलांचे दुधाचे दात सापडले होते. २०१९ मध्ये त्यांतून जनुकसंच मिळाला. ते आजच्या सैबेरियातल्या लोकांसारखे नव्हते. वेगळाच, जुना उत्तरी समूह होता तो. त्यांच्या जवळच्या नात्यातला एक मुलगा बैकल सरोवराजवळ माल्टा इथं २४,००० वर्षांपूर्वी पुरलेला सापडला आहे. या माल्टाच्या लोकांचा अंश एका बाजूला अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत गेला, आणि दुसऱ्या बाजूला पश्चिमेकडच्या शिकाऱ्यांतून गवताळ मैदानांवरच्या पशुपालकांत. त्या पशुपालकांचे वंशज इ.स.पू. २,००० नंतर दक्षिण आशियात आले. हरियाणात राखीगढीच्या सिंधुकालीन स्त्रीच्या जनुकांत मैदानी लोकांचा हा अंश नाही, हे डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या चमूनं २०१९ मध्येच दाखवलं. आपल्यात मात्र, कुणात कमी कुणात जास्त, तो आहे. म्हणजे हिमयुगातल्या सैबेरियापासून नायगावच्या या जिन्यापर्यंत एक धागा येतो, अनेकदा विरलेला, अनेक रक्तांत मिसळलेला.

यानं टिळक खरे ठरत नाहीत. यानाची माणसं आणि पहिलं सूक्त यांच्यामध्ये अठ्ठावीस-एकोणतीस हजार वर्षं आहेत. एवढ्या काळात कुठलीही पहाट तोंडी टिकून राहत नाही. तीस उषा म्हणजे महिन्याचे तीस दिवस, हा जुना अर्थ मला जवळचा वाटतो, जरी त्या सूक्तांतल्या लांबलेल्या उजेडाचं पूर्ण समाधान त्यानं होत नाही. पण आपले पूर्वज त्या अंधारात, त्या बर्फावर कधी होते का, या प्रश्नाला आज नुसतं ‘नाही’ म्हणून चालत नाही. उत्तर लांबलचक आहे आणि त्याला दात, सुया आणि कुत्र्यांची हाडं लागतात.

तिनं झोखोवच्या लेखांची नावं वहीत उतरवून घेतली. गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात पुरातत्त्वाच्या माणसाला काम मिळेल का, हे तिला जाणून घ्यायचं होतं. स्वालबार्डला ७९ अंश उत्तरेला २००८ पासून भारताचं हिमाद्री हे स्थानक आहे, पण तिथं काम चालतं ते बर्फाचं, हवेचं, समुद्राचं. मी म्हटलं, विचारून बघ, पत्र लिही. जमीन वितळते आहे. अलास्काच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं गोठून राहिलेल्या वस्त्या दर वादळात समुद्रात ढासळताहेत, कातडं आणि लाकूड हवेत आलं की सडायला लागतं, आणि खणणाऱ्यांचे हात तिथं पुरत नाहीत. तिला कुदळ धरता येते, सांकलियांच्या परंपरेत ती शिकली आहे, आणि वयानं बावीस वर्षांची आहे. पत्राचा मसुदा आम्ही तिथंच जिन्यात बसून केला, तिच्या वहीच्या मागच्या पानावर.